स्टीम मॉप की स्प्रे मॉप? आधी पायाखालची जमीन पाहा

फरशी पुसणे हे घरातले असे काम आहे, की रोज झाले तर कोणाच्या ध्यानातही येत नाही आणि एक दिवस राहिले, तर घरात पाऊल टाकणारा प्रत्येक जण नाक मुरडतो. पूर्वी या कामाला एक बादली, जुन्या लुगड्याचे एक पोतेरे आणि घरातल्या बाईची कंबर एवढे भांडवल पुरत असे. आता दुकानात गेले, की लांब दांड्यांचे नाना प्रकारचे मॉप ओळीने उभे असतात आणि विक्रेता प्रत्येकाचे गुण गाऊ लागतो.

त्यातल्या दोन प्रकारांत गृहिणींचा हमखास गोंधळ उडतो. पहिला स्टीम मॉप. हा विजेवर चालतो आणि पाण्याची वाफ करून त्या वाफेने फरशी पुसतो. दुसरा स्प्रे मॉप. याच्या दांड्याला छोटी बाटली असते. खटका दाबला, की पुढे फवारा उडतो आणि खालचे सपाट पॅड तो पुसून घेते. यातल्या काही मॉपची पॅड धुऊन पुन्हा वापरता येतात, तर काहींची एकदा वापरली की केराच्या डब्यात टाकायची असतात.

दोन्हींची जाहिरात मोहात पाडणारी असते. पण कोणता घ्यावा, याचे उत्तर जाहिरातीत सापडत नाही. ते आपल्याच घरात, आपल्या पायाखाली असते. हे नीट समजून घ्यायचे, तर तंजावरच्या मराठी घरांचे उदाहरण फार चांगले आहे.

एक गाव, दोन तऱ्हांची घरे

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात तंजावरला आपले राज्य स्थापन केले. त्यांच्यामागोमाग मराठी कुटुंबे कावेरीकाठी गेली आणि तिथलीच झाली. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १८०३ साली, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. तो आजही तिथे आहे. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्य संपुष्टात आणले. कुटुंबे मात्र राहिली. तमिळ शेजारी ज्यांना ‘रायर’ म्हणतात, त्या घरांतून तमिळ वळणाची मराठी अजून बोलली जाते.

अशा घराण्यांत आज दोन तऱ्हांच्या जमिनी दिसतात. राजवाड्याभोवतालच्या राजवीथींच्या परिसरात जी जुनी घरे टिकून आहेत, त्यांत दारापुढे बसायचा ओटा, मधोमध उघडा चौक आणि पायाखाली लाल, तुळतुळीत कोबा असतो. मेडिकल कॉलेज रस्त्याकडच्या नव्या वसाहतींत आणि फ्लॅटमध्ये मात्र मोठमोठ्या चकचकीत विट्रिफाइड टाइल्स असतात. आजी-आजोबा जुन्या घरात, मुलगा-सून नव्या फ्लॅटमध्ये आणि धाकटी लेक चेन्नईला किंवा बंगळूरला नोकरीला, असे चित्र तिथे नवे नाही.

आता समजा, या धाकट्या लेकीने आईची गुडघेदुखी पाहून दिवाळीला स्टीम मॉप पाठवला. हेतू किती चांगला! आई लेकीच्या कौतुकाने तो लाल कोब्यावर रोज फिरवू लागली. काही दिवसांतच कोब्याची चमक कमी होईल आणि मॉप फिरतो तिथे फिक्या वाटा दिसू लागतील. तोच मॉप सुनेच्या फ्लॅटमध्ये वापरला असता, तर टाइल्सचे काहीही बिघडले नसते. मॉप एकच असला, तरी खालची जमीन वेगळी होती.

लाल कोबा नाजूक का?

लाल कोबा म्हणजे सिमेंटमध्ये लोखंडाच्या लाल ऑक्साइडचा रंग मिसळून केलेला, वरून घोटून घोटून गुळगुळीत केलेला थर. नंतर त्याला मेण किंवा खोबरेल तेल चोळून झिलई आणतात. वर्षानुवर्षे अनवाणी पायांनी आणि ओल्या फडक्याने ही झिलई आणखी खुलते. उन्हाळ्यात तंजावरच्या उकाड्यात याच जमिनीवर नुसती चटई टाकून दुपारी पडावेसे वाटते, इतकी ती गार असते.

पण कोबा कितीही गुळगुळीत दिसला, तरी त्याला बारीक छिद्रे असतात. मेण आणि तेल या छिद्रांचे तोंड बंद करतात. गरम वाफ नेमकी तिथेच घाला घालते. मेण वितळते, तेल सुटते आणि ते मॉपच्या पॅडला लागून निघून जाते. मग उघड्या पडलेल्या छिद्रांत पाणी मुरते. बोअरचे पाणी जड असेल, तर ते सुकल्यावर क्षारांचे पांढरे डागही उमटतात. मेण लावलेल्या, छिद्रे न बुजवलेल्या किंवा जुनाट फरशीवर स्टीम मॉप वापरू नये, अशी सूचना सोबतच्या पुस्तिकेत बहुधा असते. ती वाचायचे मात्र आपण विसरतो.

हीच गोष्ट आथंगुडीच्या लाद्यांची. तंजावरहून पुदुक्कोट्टैमार्गे दक्षिणेला गेले, की चेट्टिनाड लागते. तिथल्या आथंगुडी गावात या नक्षीदार लाद्या हाताने घडवतात. काचेच्या तुकड्यावर लोखंडी साचा ठेवून त्यात रंगीत सिमेंट ओततात, मागून वाळू-सिमेंटचा थर देतात आणि लादी पाण्यात मुरवत ठेवतात. या लाद्या भट्टीत भाजलेल्या नसतात. काचेमुळे येणारी ती सुंदर चकाकी सिमेंटचीच असते. म्हणून त्यांनाही वाफ, आम्ल आणि खरखरीत घासणी या तिन्ही गोष्टी वर्ज्य.

आणि आम्ल म्हटले, की केवळ संडास साफ करायचे ॲसिडच डोळ्यांसमोर आणू नका. लिंबू आणि व्हिनेगरही आम्लच. ‘घरगुती उपाय’ म्हणून ते कोबा, संगमरवर किंवा शहाबादी फरशीवर वापरले, तर पृष्ठभाग खाल्ला जातो आणि गेलेली झिलई पुसून परत येत नाही. टाइल फुटली, तर दुसरी बसवता येते. पण आजेसासऱ्यांच्या काळी घोटलेला कोबा तसाच पुन्हा करून देणारा गवंडी आज सहजासहजी मिळत नाही. हे नुकसान मॉपच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठे असते.

अशा जमिनीसाठी सर्वांत उत्तम म्हणजे साधे पाणी आणि घट्ट पिळलेले मऊ सुती फडके. वाकवत नसेल, तर धुता येणाऱ्या पॅडचा स्प्रे मॉप घ्यावा आणि बाटलीत कंपनीच्या सुगंधी द्रावणाऐवजी साधे पाणी भरावे. आठवड्यातून एकदा त्या पाण्यात सौम्य साबणाचे चार-दोन थेंब पुरेत. समईचे तेल सांडले, तर लगेच पाणी लावू नये. त्यावर कोरडे पीठ भुरभुरून तेल शोषू द्यावे, पीठ झाडून घ्यावे आणि मग साबणाच्या फडक्याने पुसावे. मार्गळीच्या महिन्यात दारी आणि देवघरात काढलेला तांदळाच्या पिठाचा ओला कोलम पाण्यानेच निघतो. त्यासाठी वाफेची गरज नाही.

स्टीम मॉप कुठे कामाचा?

याचा अर्थ स्टीम मॉप वाईट, असा मुळीच नाही. विट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही. तिच्या वजनाच्या अर्धा टक्कादेखील पाणी आत मुरत नाही. अशा टाइलवर वाफ सुरक्षित असते. स्वयंपाकघरात ओट्याखाली उडालेले फोडणीचे तेल, सांडून वाळलेले कॉफीचे डिकॉक्शन, चिकट झालेला साखरेचा पाक हे सारे वाफेने मऊ होऊन सहज सुटते. त्यासाठी साबण किंवा फिनेल लागत नाही. त्यामुळे रांगणारे बाळ असलेल्या घरात, किंवा ज्यांना फिनेलच्या वासाने शिंका येतात त्यांच्याकडे, ही मोठी सोय आहे.

शिवाय पाणी फार कमी लागते. अर्ध्या लिटरच्या आतबाहेर पाणी टाकीत मावते आणि ते साधारण पंधरा ते पंचवीस मिनिटे पुरते. फरशी किंचित दमट होते आणि लवकर सुकते. कावेरीच्या त्या मुलखात ऑक्टोबर ते डिसेंबर परतीचा पाऊस असतो. तेव्हा बादलीने पुसलेली जमीन तासन्‌तास ओली राहते आणि वडीलधारी माणसे घसरून पडायची भीती असते. अशा दिवसांत लवकर सुकणाऱ्या फरशीचे महत्त्व निराळे सांगायला नको.

मात्र ‘वाफेने सगळे जंतू मरतात’ या वाक्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. उष्णतेने जंतू मरतात, हे खरे. पण त्यासाठी ती उष्णता एका जागी काही वेळ टिकावी लागते. वाफ पॅडमधून फरशीपर्यंत येते, तोवर थोडी निवते. त्यात आपण मॉप भराभर पुढे-मागे फिरवतो. अशाने फरशी स्वच्छ होते, निर्जंतुक होतेच असे नाही. मॉप सावकाश फिरवावा आणि पॅड मळले, की लगेच बदलावे. मळक्या पॅडने घाण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते, मग त्यामागे वाफ असो वा नसो.

आणखी काही मर्यादा आहेत. बोअरच्या जड पाण्याने आतल्या नळीत क्षार साठतात आणि वाफ यायची बंद होते. म्हणून क्षार काढलेले पाणीच भरावे. टाकीत फिनेल, अत्तर किंवा साबण मुळीच घालू नये. लाकडी आणि लॅमिनेट जमिनीवर वाफ नको, कारण सांध्यांतून ओल शिरून फळ्या फुगतात. तंजावरच्या घरात वीणा खाली मांडून ठेवलेली असेल, तर तिच्या आसपासही स्टीम मॉप फिरवू नये. वीणेचे पडदे मेणाच्या थरात बसवलेले असतात आणि फणसाच्या लाकडालाही ओलसर उष्णता मानवत नाही.

वीज नसेल, तर स्टीम मॉप नुसता कोपऱ्यात उभा राहतो, हे वेगळे सांगायला नको. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘गाजा’ चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला झोडपले, तेव्हा तंजावर जिल्ह्यात कित्येक गावे दिवसचे दिवस अंधारात होती. अशा वेळी चिखलाने भरलेले घर शेवटी बादली आणि फडक्यानेच धुवावे लागते. तेव्हा कोणताही मॉप घरी आला, तरी बादली मोडीत काढू नये.

फेकायच्या पॅडची गोष्ट

एकदा वापरून फेकायचा पुसण्याचा कपडा ही कल्पना मुख्यतः जपान आणि अमेरिकेतून पसरली. जपानच्या काओ कंपनीने १९९४ साली दांड्याला कागदासारखे पातळ कापड लावायचा ‘क्विकल वायपर’ आणला. १९९९ साली अमेरिकेत प्रॉक्टर अँड गॅम्बलचा ‘स्विफर’ आला आणि थोड्याच काळात फवारा मारणारा प्रकारही निघाला. तिथल्या घरांत ही कल्पना का रुजली, हे समजण्यासारखे आहे. दारे-खिडक्या बहुधा बंद, धूळ कमी, घरात गालिचे आणि पुसायची जमीन थोडी. रोज पुसण्याचा रिवाजही नाही.

आपल्याकडे घर रोज पुसले जाते, काही घरांत तर दोनदा. बाहेरची धूळ, ओट्यावरची माती आणि चौकातला पाचोळा दिवसभर आत येतो. एक पातळ पॅड एका-दोन खोल्यांतच काळे पडते. रोज दोन पॅड धरली, तरी वर्षाची ७३० होतात. एक पॅड समजा २० रुपयांना पडले, तर वर्षाला १४,६०० रुपये नुसते केराच्या डब्यात जातील. आणि मॉप घेतल्यावर दोन वर्षांनी त्या मापाची पॅड बाजारातून नाहीशी झाली, तर उरतो नुसता दांडा!

शिवाय ही पॅड कागदासारखी दिसली, तरी त्यांत बहुधा कृत्रिम धागे असतात. मातीत पुरली, तरी ती कुजत नाहीत. तमिळनाडूत १ जानेवारी २०१९ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. प्लास्टिकची पिशवी सोडून हातात कापडी पिशवी घेणाऱ्या गृहिणीने रोज दोन पॅड कचऱ्यात टाकावीत, हे तिचे तिलाच पटणार नाही.

तरीही फेकायचे पॅड कधीकधी उपयोगाचे ठरते. घरात कोणी आजारी असेल, उलटी-जुलाब झाले असतील, पाळलेल्या कुत्र्या-मांजराने घाण केली असेल, किंवा काच फुटून बारीक कण राहिले असतील, तर ते पुसून सरळ टाकून देणेच बरे. त्यासाठी एखादे पाकीट कपाटात असू द्यावे. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे फाटलेल्या सुती कपड्याचे तुकडे करून ठेवणे. आपल्या आज्या हेच करत होत्या.

धुता येणाऱ्या मायक्रोफायबर पॅडचे वर्षभर चांगले निभते. ही पॅड साध्या साबणाने धुवावीत. कपडे मऊ करायचे द्रावण लावू नये, कारण त्याने पॅडची पाणी शोषण्याची शक्ती जाते. चार पॅड घेऊन ठेवली, तर स्वयंपाकघराचे, देवघराचे, इतर खोल्यांचे आणि न्हाणीघराचे निराळे ठेवता येते. ज्या घरांत सोवळे-ओवळे पाळतात, तिथे देवघराचे पॅड वेगळ्या रंगाचे घेतले, की वादच उरत नाही.

खर्चाचा ताळा

स्टीम मॉपची विजेची भूक किती, हा प्रश्न हमखास विचारला जातो. १५०० वॅटचा मॉप वीस मिनिटे चालवला, तर अर्धा युनिट वीज जळते. रोज वापरला, तर महिन्याला पंधरा युनिट. तमिळनाडूत घरगुती विजेचे बिल दोन महिन्यांचे असते. त्यात तीस युनिटांची भर पडेल. फार नाही, पण बिल वरच्या टप्प्याला टेकलेले असेल, तर ती जाणवते.

तेव्हा तीन प्रकारांची तुलना अशी होते. स्टीम मॉपला सुरुवातीचा खर्च मोठा, पुढचा थोडा, पण बिघडला तर दुरुस्ती जवळपास होईल का, हे आधी विचारून घ्यावे लागते. फेकायच्या पॅडचा स्प्रे मॉप सुरुवातीला स्वस्त, पुढे मात्र त्याचा खर्च कधी संपतच नाही. धुता येणाऱ्या पॅडच्या स्प्रे मॉपला सुरुवातीचा खर्च थोडा आणि पुढचा नगण्य. कमी वेळा पुसणाऱ्या छोट्या घराचे गणित थोडे निराळे येईल. पण रोज पुसणाऱ्या घरात तिसरा प्रकार स्वस्त पडतो, हे कागद-पेन्सिल घेऊन कोणीही पडताळून पाहावे.

कंबर कोणाची, याचाही विचार हवा

पैशाच्या हिशेबात एक गोष्ट धरली जात नाही. ती म्हणजे वाकणाऱ्या माणसाची कंबर आणि गुडघे. सतत गुडघ्यांवर बसून काम केल्याने गुडघ्याच्या वाटीपुढची पिशवी सुजते. इंग्रजीत या दुखण्याला फार पूर्वीपासून चक्क ‘मोलकरणीचा गुडघा’ असेच नाव आहे. यावरून हे काम जगभर कोणाच्या वाट्याला आले, ते कळते.

स्पेनमध्येही बायका गुडघे टेकून फरशा पुसत असत. १९५६ साली मानुएल हालोन नावाच्या अभियंत्याने दांड्याला बांधलेले फडके आणि ते पिळायची जाळी असलेली बादली बनवली. तिथे तिला ‘फ्रेगोना’ म्हणतात. विजेचा पत्ता नाही, वाफ नाही, पण बायका ताठ उभ्या राहून फरशी पुसू लागल्या. फरशी पुसण्याच्या साधनात खरी सुधारणा कोणती, तर ही. आणि लांब दांड्याच्या कोणत्याही चांगल्या मॉपने ती मिळते.

मग आपल्या घरी मॉप कोण धरणार? सत्तरीच्या सासूबाई धरणार असतील, तर दोन-तीन किलोचा स्टीम मॉप ओढणे त्यांना जड जाईल, शिवाय मागे वायरही असते. त्यांना हलका स्प्रे मॉप बरा. कामवाली बाई धरणार असेल, तर खरेदीआधी तिला विचारायला हवे. तिच्यासाठी आपण दोन हजारांची वस्तू आणतो आणि ती मात्र ‘ताई, मला आपली बादलीच बरी’ म्हणून मॉप कोपऱ्यात उभा करते, असा अनुभव कित्येकींना आला असेल. त्यात तिचा हट्ट नसतो. उपकरण बिघडले, तर बोल आपल्याला लागेल, ही तिची भीती असते. चार दिवस आपण तिच्याबरोबर तो चालवावा, बिघडला तर दोष देणार नाही असे स्पष्ट सांगावे, म्हणजे तिची भीड चेपते.

आणि मॉप घरातल्या पुरुषांनी धरला, तर? वाकायचे नाही, पिळायचे नाही, हात घाण करायचे नाहीत. मग ‘हे बायकांचे काम’ म्हणायला कारणच उरत नाही. रविवारची फरशी यजमानांकडे आणि शनिवारची चिरंजीवांकडे, असे वार लावून दिले, तर नव्या मॉपचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतील.

सुरक्षिततेचे चार नियम

आपण घरात अनवाणी वावरतो आणि अनवाणीच फरशी पुसतो. परदेशातल्या जाहिरातीतली बाई बूट घालून स्टीम मॉप चालवते, हा फरक ध्यानात घ्या. स्टीम मॉप चालवताना पायांत चपला हव्यात. साडीचा घोळ खोचलेला हवा आणि रांगते मूल दुसऱ्या खोलीत हवे. वाफेचा चटका बसलाच, तर भाग वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावा. त्यावर शाई, टूथपेस्ट किंवा तूप लावू नये.

प्लग मोठ्या पॉवर पॉइंटमध्येच लावावा. १५०० वॅटचे उपकरण साडेसहा अँपिअरच्या आसपास वीज ओढते. जुन्या घरातल्या जुन्या वायरिंगवर आणि साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर तेवढा भार टाकणे धोक्याचे आहे. ओल्या हाताने प्लग काढू नये. घराच्या मुख्य बोर्डावर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे आरसीसीबी बसवले आहे का, याची या निमित्ताने एकदा खात्री करून घ्यावी.

स्प्रे मॉपच्या बाटलीत दोन द्रावणे मिसळू नयेत. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले, तर क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ब्लीच आणि अमोनियाचे मिश्रणही तितकेच घातक. बंद न्हाणीघरात अशी चूक जिवावर बेतू शकते.

द्रावण प्रमाणापेक्षा जास्त फवारले, तर फरशीवर चिकट थर बसतो. त्यावर धूळ आणखी बसते आणि पाय घसरतो. दोन फवारे पुरत असतील, तर चौथा मारू नये.

मग काय घ्यावे?

दुकानात जाण्यापूर्वी घरातच काही प्रश्नांची उत्तरे लिहून काढा.

जमीन कसली आहे? कोपऱ्यात, कोणाच्या सहज नजरेस पडणार नाही अशा जागी, पाण्याचे चार थेंब टाका आणि दहा मिनिटांनी पाहा. थेंब तसेच राहिले, तर पृष्ठभाग बंद आहे. पाणी मुरून जमीन गडद झाली, तर तिथे वाफ नको. मेण किंवा तेल लावलेल्या कोब्यावरही थेंब तसेच राहतील. पण तिथे मेणच वितळणार असल्याने वाफ वर्ज्यच.

घर किती वेळा पुसता? रोज पुसत असाल, तर फेकायच्या पॅडचा विचार सोडून द्या.

पुसणार कोण? त्या व्यक्तीला दुकानात बरोबर न्या आणि मॉप हातात धरून पाहू द्या. दांडा तिच्या उंचीला पुरतो का, हेही पाहा.

पाणी जड आहे का? वीज वारंवार जाते का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर स्टीम मॉप तुम्हाला सुखापेक्षा कटकट जास्त देईल.

तंजावरच्या त्या जुन्या घराला आणि नव्या फ्लॅटला हे प्रश्न लावून पाहिले, तर उत्तर सरळ आहे. लाल कोब्यासाठी धुता येणाऱ्या पॅडचा स्प्रे मॉप, साधे पाणी आणि वर्षातून एकदा हलक्या हाताने लावलेले मेण. मेण लावल्यावर जमीन कोरड्या फडक्याने चांगली घोटायला हवी, नाहीतर घसरण्याची भीती. फ्लॅटमध्ये रोजच्यासाठी तोच मॉप पुरेल. स्वयंपाकघराच्या चिकटपणासाठी हौस आणि ऐपत असेल, तर आठवड्यातून एकदा स्टीम मॉप. आणि कुठलाही मॉप हाती घेण्यापूर्वी केरसुणीने केर काढणे दोन्ही घरांना चुकलेले नाही. केसांवर आणि कचऱ्यावर मॉप फिरवला, तर महागातला मॉपही चिखलच पसरवतो.

आईसाठी मॉप पाठवणाऱ्या लेकींना एक सांगावेसे वाटते. पैसे भरण्यापूर्वी आईला एक फोन करा आणि विचारा, ‘आई, आपली जमीन कसली आहे गं? आणि हल्ली पुसतं कोण?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकून कदाचित तुम्ही मॉपऐवजी आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्या मदतनीस बाईंचा पगार पाठवायचे ठरवाल. आईच्या गुडघ्यांना त्यानेच अधिक आराम पडेल, आणि आजोबांच्या वेळचा लाल कोबाही नातवंडांच्या पायांखाली तसाच चमकत राहील.